डाव्या पायातली चप्पल

आर्ट डिप्लोमा झाल्यावर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची म्हणून मी माझी चित्रं घेऊन एका प्रकाशनाकडे गेले. नाशिकचा गोदाघाट, सरकारवाडा, पावसातली पंचवटी, सगळे जलरंग. संपादकबाईंनी ती सावकाश पाहिली. मग एका चित्रातल्या मुलीवर बोट ठेवून विचारलं, "हीच मुलगी मागून कशी दिसेल? रुसल्यावर कशी बसेल?" मला सांगता आलं नाही. त्यानंतर तीन महिने मी ब्रश हातात घेतला नाही. आपल्याला हे जमणारच नाही, असं मनाने घेतलं होतं.

पुन्हा सुरुवात झाली ती घाटावरच्या बुधवारच्या बाजारात. मेथीच्या जुड्यांमागे गोणपाटावर भाजीवालीची पाचेक वर्षांची मुलगी बसायची. तिच्या आईला विचारून मी तिला काढायला लागले. वाकलेली, पेंगुळलेली, चिल्लर मोजणारी. चुकलेली रेघ खोडायची नाही, शेजारी दुसरी काढायची, एवढा एकच नियम ठेवला. चार बुधवारांनी लक्षात आलं की आजवर मी मुलं काढतच नव्हते, बुटकी मोठी माणसं काढत होते! मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसात पट असते, या वयाच्या मुलाची साडेपाच-सहा पट. हे शिकवलेलं होतं, पण हाताला कळलं ते तिथे.

मग ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले आणि सोळा पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, केली. नवख्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सुट्या चित्रांवर वर्ष घालवू नका, कच्ची का होईना, डमी करा. चेहरा मधल्या घडीत जातोय, मजकुराला जागाच उरली नाही, पान उलटायच्या आधीच गुपित फुटलंय, हे सगळं तिच्यातच दिसतं. शब्दांत "ती घाबरली" असेल, तर चित्रात पुन्हा घाबरलेला चेहराच कशाला? कपाटामागून डोकावणारी शेपटी दाखवा.

चित्रपुस्तकं भरपूर बघा. सार्वजनिक वाचनालय इथे १८४० पासून आहे, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात. प्रकाशकाकडे पाठवताना दहा-बारा चित्रं पुरतात, पण त्यांतल्या तीन-चारांत तेच पात्र वेगवेगळ्या प्रसंगांत हवं. काम मिळालं की मूळ चित्रं कोणाकडे राहणार आणि पैसे कधी मिळणार, हे आधीच लेखी घ्या. यात संकोच करू नका.

डमी पहिल्यांदा दाखवली ती शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाला, मजकूर झाकून. त्याने गोष्ट जवळजवळ बरोबर सांगितली. नवव्या पानावर मात्र थांबला. मागे गेला, परत आला. "हिची डाव्या पायातली चप्पल कुठे गेली?"

मी काढायला विसरले होते. इतक्या बारकाईने माझं चित्र आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्या रात्री नववं पान नव्याने काढलं, आणि पहिल्यांदाच हात थरथरला नाही.