सर्वांत प्रसिद्ध रस्ता कोणता? वाद मिटवायची माझी पद्धत

प्रश्नमंजूषांसाठी प्रश्न काढणं हा माझा उद्योग. ‘अमुक देशातला सर्वांत प्रसिद्ध रस्ता कोणता?’ असं सरळ विचारलं की हमखास भांडणं होतात. तरी उत्तर काढायचंच असेल, तर आधी प्रसिद्ध कोणात ते ठरवून टाका: तिथल्या लोकांत की परक्यांत? मी परक्यांचं मत धरतो. राहणाऱ्याला आपला रस्ता जगप्रसिद्धच वाटतो.

मग नुसतं रस्त्याचं नाव घ्या, शहर सांगू नका. समोरच्यानं शहर बिनचूक ओळखलं तर नाव पुढच्या फेरीत. मेख अशी, की ‘वॉल स्ट्रीट’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे शेअर बाजार येतो. १६५३ साली डचांनी उभारलेल्या तटबंदीवरून नाव पडलेला न्यूयॉर्कमधला तो अरुंद रस्ता कुणाला आठवतो? लंडनमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांचं घर आणि कार्यालय आहे त्या डाउनिंग स्ट्रीटचंही तेच. १९८९ पासून तिथं फाटकं आहेत, येरागबाळ्याला आत पाऊल टाकता येत नाही. अशी नावं मी वेगळी काढतो. त्यांच्यात प्रसिद्ध आहे ते तिथलं कार्यालय.

दुसरी फेरी फोटोची. नाव झाकून फोटो दाखवा. सॅन फ्रान्सिस्कोचा लोंबार्ड स्ट्रीट इथं सहज निघतो: लाल विटा, दुतर्फा फुलझाडं आणि नागमोडी आठ वळणं. उतार इतका खडा होता की गाड्यांसाठी १९२२ साली ही वळणं काढावी लागली. पण हाइड आणि लेव्हनवर्थ या रस्त्यांमधला तेवढा तुकडा सोडला, तर उरलेला लोंबार्ड चारचौघांसारखाच. मी त्याला अर्धे गुण देतो. तुम्ही पूर्ण दिलेत तरी माझी हरकत नाही.

खरी परीक्षा तिसरी: देशाला आनंद झाला की लोक कुठं धावतात? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातून पॅरिसची मुक्तता झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ ऑगस्ट १९४४ ला, फ्रेंच नेते द गॉल पॅरिसच्या शाँजेलिझे या रस्त्यावरून चालत गेले. १९९८ मध्ये फ्रान्सनं फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हा त्याच रस्त्यावर लाखोंची गर्दी उसळली. १४ जुलै या राष्ट्रीय दिनाचं लष्करी संचलनही तिथंच. सुमारे १.९ किलोमीटर लांब आणि ७० मीटर रुंद असल्यानं एवढी माणसं मावतातही! फ्रान्सपुरता वाद इथं मिटतो.

विक्रमांच्या नादी लागू नका. न्यूझीलंडच्या बाल्डविन स्ट्रीटचा ‘जगातला सर्वांत खडा रस्ता’ हा मान २०१९ मध्ये वेल्समधल्या एका रस्त्यानं पटकावला आणि २०२० मध्ये तो परत बाल्डविनकडे आला. रस्ता तोच, उतारही तोच. बदलली ती मोजायची रीत.

इतकं करूनही दोन नावं बरोबरीत राहिली तर प्रश्नच बदलायचा. ‘सर्वांत प्रसिद्ध’ खोडा आणि ‘१४ जुलैचं लष्करी संचलन पॅरिसच्या कोणत्या रस्त्यावरून जातं?’ असं लिहा. उत्तर एकच येतं आणि गुण देताना कुणी हुज्जत घालत नाही.