बाळाचे कपडे मापाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे कसे लावून ठेवावेत

पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली की तिच्यामागोमाग कपड्यांची बोचकी येऊ लागतात. थोरल्या जावेने दिलेली तिच्या लेकराची झबली, मावशीने विणलेले टोपडे, आजीने जुने लुगडे फाडून केलेली बाळोती आणि बाजारातून आणलेले दोन-चार नवे संच असा सगळा ढीग एकाच ट्रंकेत जाऊन पडतो. मग बाळ घरी आल्यावर रात्री दोन वाजता कोरडे झबले शोधताना हाती लागते ते नेमके सहा महिन्यांच्या मुलाचे असते. ही तारांबळ टाळण्यासाठी एक मोकळी दुपार, शिंप्याकडे असतो तसला टेप, एक पेन आणि उशांचे पाच-सहा जुने अभ्रे एवढे पुरेसे आहे. हे काम आठवा महिना संपण्यापूर्वी उरकावे.

मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवे कपडे आणायचे नाहीत, पहिल्यांदा दुसऱ्या लेकराचे वापरलेले अंगडेच घालायचे, हा रिवाज आपल्याकडे अनेक घरांत आजही पाळला जातो. तो मोडावा असे मला वाटत नाही. वारंवार धुतलेल्या सुती कपड्यातील खळ आणि जादा रंग निघून गेलेला असतो, तो मऊ पडलेला असतो आणि जेवढा आटायचा तेवढा आटून गेलेला असल्यामुळे त्याचे माप खरे असते.

म्हणूनच पहिली पायरी धुण्याची आहे, मोजण्याची नव्हे. नवे सुती झबले पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते, त्यामुळे कोऱ्या कपड्याचे घेतलेले माप फसवे ठरते. सौम्य साबणाने धुवावे, सुगंधी द्रव टाळावे, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावे आणि कडक उन्हात वाळवावे. वाळलेला प्रत्येक कपडा उलटा करून पाहावा. पायमोजे आणि हातमोजे यांच्या आत सुटलेले धागे किंवा आईचे गळलेले केस अडकलेले असतात. असा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. सैल बटणे, मणी, टिकल्या आणि गळ्याभोवती येणाऱ्या लांब नाड्या असलेले कपडे बाजूला काढावेत. पाळण्यातल्या बाळाच्या गळ्याशी कोणतीही लांब दोरी असू नये. कृत्रिम धाग्याचे आणि जाळीचे झगे फोटोपुरते ठेवावेत. बारशाला पैठणीच्या कापडाचे झबले शिवायचे असेल, तर जरीचा काठ कातडीला लागू नये म्हणून आतून मलमलीचे अस्तर लावून घ्यावे.

आता मापाकडे वळू. कपड्यावर छापलेल्या महिन्यांवर विसंबून राहू नये, कारण ‘० ते ३ महिने’ लिहिलेले दोन कंपन्यांचे झबले एकमेकांशी जुळेलच असे नाही, आणि बाजारपेठेतला दुकानदार ‘एक नंबर, दोन नंबर’ म्हणतो तेव्हा ते माप त्याच्याच दुकानापुरते असते. शिवाय आपल्याकडची बरीच बाळे जन्मतः अडीच ते तीन किलोची असतात. पहिल्या काही दिवसांत त्यांचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत पुन्हा जन्माच्या वजनावर येते. त्यामुळे पाच-साडेपाच किलोपर्यंतच्या बाळाचा विचार करून शिवलेले ‘० ते ३’ चे कपडे पहिला महिनाभर ढगळ राहतात. ढगळ झबल्याचा गळा तोंडावर सरकतो आणि बाह्यांत हात गुरफटतात.

बाळाची डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी हे सर्वांत भरवशाचे माप आहे. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते, तीन महिन्यांचे झाले की ६० च्या आसपास, सहा महिन्यांचे ६६ ते ६८ आणि वर्षाचे ७४ ते ७६ सेंटिमीटर होते. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत ते जवळजवळ वीतभराच्या निम्मे वाढते आणि पुढे हा वेग मंदावतो. वजन पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. यावरून एक गोष्ट सहज लक्षात येईल, की सर्वांत लहान मापाचे कपडे सर्वांत कमी दिवस चालतात, म्हणून ते मोजकेच ठेवावेत.

कपडा मोजताना तो सपाट जमिनीवर पसरावा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी घ्यावी आणि तिची दुप्पट करावी. नवजात बाळाची छाती साधारण ३१ ते ३३ सेंटिमीटर भरते. तिच्यापेक्षा घेर पाच-सहा सेंटिमीटरने अधिक असला की झबले अंगाला नीट बसते. डोक्याचा घेर मात्र ३४-३५ सेंटिमीटर, म्हणजे छातीहून मोठा असतो, आणि ही तफावत पहिल्या वर्षात हळूहळू मिटते. डोक्यावरून ओढून घालायचे कपडे कोवळ्या बाळाला त्रासदायक होतात ते यामुळेच. आपल्या आज्या-पणज्यांचे समोरून उघडे, बंद बांधायचे झबले या वयाला सर्वांत योग्य आहे. मान न हलवता ते घालता येते आणि नाळ सुकून पडेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, बेंबी मोकळी ठेवता येते. लंगोटही बेंबीच्या खालीच बांधावा. घरी झबले शिवणार असाल तर शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी. दिसायला ती ओबडधोबड वाटेल, पण काखेतली नाजूक कातडी सोलवटणार नाही.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर वरील मापेही मोठी पडतात. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याचा, म्हणजे कांगारू पद्धतीचा सल्ला डॉक्टर देतात. त्या वेळी लंगोट, टोपडे आणि पायमोजे एवढेच अंगावर असते.

मापानंतर ऋतूचा हिशेब करावा, आणि मराठवाड्यात तो मापाइतकाच महत्त्वाचा आहे. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्री तो दहा अंशांच्या खाली उतरतो. एका कागदावर बाळंतपणाच्या तारखेपासून पुढचे बारा महिने लिहावेत, प्रत्येक महिन्यासमोर बाळाची अंदाजे लांबी लिहावी आणि मग कपडे निवडावेत. दसऱ्याच्या सुमारास जन्मणाऱ्या बाळाला ५० ते ६० सेंटिमीटरच्या मापात पूर्ण बाह्यांची झबली, कुंची आणि लोकरीचे टोपडे लागेल, पण ते ६८ सेंटिमीटरपर्यंत पोहोचेल तेव्हा एप्रिल असेल, म्हणून त्या मापाचा स्वेटर घेणे व्यर्थ आहे. याउलट चैत्रात जन्मलेल्या बाळाला पहिले महिने बिनबाह्यांचे मलमलीचे झबले आणि लंगोट पुरतात, आणि स्वेटर लागतो तो आठव्या-नवव्या महिन्यात, सुमारे ७० ते ७२ सेंटिमीटरचा. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी वैशाखात जन्मली. तिला मिळालेली तीनही लोकरीची अंगडी नवजात मापाची होती आणि थंडी पडेपर्यंत तिच्या दंडातूनही वर जाईनात. विणणाऱ्या हातांचे कष्ट वाया गेले याचे मला आजही वाईट वाटते, म्हणून कोणी विणायला घेण्याआधीच त्यांना महिना आणि माप सांगावे.

थंडीत आपल्या अंगावर असतील त्याहून एक थर बाळाच्या अंगावर अधिक असावा. उन्हाळ्यात आपल्याइतकेच कपडे पुरेत. हातपाय गार लागले म्हणून बाळाला थंडी वाजते आहे असे समजू नये, मानेमागे किंवा पाठीला हात लावून पाहावा. तिथे घाम असेल तर एक कपडा काढावा. लहान बाळ बरीचशी उष्णता डोक्यावाटे सोडते, म्हणून उकाड्यात घरात निजलेल्या बाळाला टोपडे घालू नये. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून आवळू नयेत. खुब्याच्या सांध्यासाठी गुडघे वाकवून हलवण्याइतकी जागा हवी.

किती नग ठेवायचे, हे घरी पाणी किती दिवसांनी येते यावर ठरते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा-आठ वेळा तरी लघवी करते, शी वेगळी; म्हणजे दिवसाला दहा-बारा लंगोट धरावेत. रोज धुणे होत असेल तर २४ ते ३० लंगोट, १२ बाळोती, सात-आठ झबली, सहा दुपटी आणि तीन टोपडी पुरतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या शहरांत, किंवा जिथे नळ आठवड्याने येतो तिथे, लंगोटांची संख्या दीडपट करावी. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हाही हेच करावे. ही वाढ दुकानातून आणण्याची गरज नाही. जुने धोतर किंवा सुती साडी चौकोनी फाडून कडा दुमडल्या की काम भागते.

यानंतर गाठोडी बांधावीत. एका अभ्र्यात एक माप, आणि अभ्र्यावर पेनाने ‘५० ते ५६’, ‘५६ ते ६२’ असे सेंटिमीटर व त्याखाली ‘कार्तिक-मार्गशीर्ष’ असा अपेक्षित काळ लिहावा. पहिले गाठोडे बाजेजवळ, बाकीची ट्रंकेत. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या मुळीच टाकू नयेत. त्यांतील नॅप्थलीन कपड्यांत मुरते, आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे झपाट्याने फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ही उणीव आहे का, हे वरवर पाहून कळत नाही. सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा. दुसऱ्याकडून आलेल्या कपड्यांना गोळ्यांचा वास येत असेल तर ते पुन्हा धुऊन, अनेक दिवस उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत.

बारशाला येणारा आहेर बहुतेक ‘० ते ३’ चाच असतो. जवळच्या नातेवाइकांनी विचारले तर संकोच न करता ‘सहा महिन्यांच्या पुढचे आणा’ असे सांगावे, आणि आलेल्या कपड्यांची चिठ्ठी व पावती बदलून घेता यावी म्हणून जपून ठेवावी. पुढे दर महिन्याच्या त्याच तारखेला बाळाला सपाट निजवून, एकाने डोके आणि दुसऱ्याने पाय हलकेच धरून लांबी मोजावी. कंबरेवर किंवा मांडीवर लाल वळ दिसला की तारखेची वाट न पाहता पुढचे गाठोडे सोडावे. लहान झालेले कपडे धुऊन बांधताना आत एक चिठ्ठी ठेवावी आणि कोणत्या महिन्यात, किती लांबी व वजन असताना ते बसेनासे झाले, हे तिच्यावर लिहावे. ज्या घरी ते गाठोडे जाईल तिथल्या आईला छापील मापापेक्षा ही चिठ्ठी अधिक उपयोगी पडेल.