सायकल कशाला बांधताय, ते आधी बघा

माझी पहिली गिअरची सायकल आमच्याच बिल्डिंगमधून गेली. कोपरीत, जिन्याखालून, एका रात्रीत. सकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनला निघायचं म्हणून खाली आले, तर पाण्याच्या पाइपला केबल लॉक लटकत होतं. आकडे फिरवलेले, कुलूप लागलेलं, फक्त मधोमध कापलेलं. हातात घेतलं तेव्हा प्लॅस्टिकच्या आवरणातून बारीक तारा खराट्याच्या काड्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. बोटाएवढं जाड दिसणारं ते लॉक आतून नुसती तारांची जुडी होतं. पिशवीत मावेल एवढ्या कटरने ते काही सेकंदांत तुटतं. विकत घेताना मला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मुख्य कुलूप यू लॉकच हवं. जाड पोलादी कांब नालेसारखी वाकवलेली आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडणारी आडवी दांडी. दुकानदार मोठं दाखवेल, पण तुम्ही लहान मागा. लॉक लावल्यावर आत मोकळी जागा राहिली की पहार किंवा जॅक घालून ते फाकवता येतं. जागाच नसेल तर हत्यार घालणार कुठे? लोखंड कापायच्या ग्राइंडरपुढे कुठलंच लॉक कायम टिकत नाही, पण ग्राइंडरचा आवाज होतो, ठिणग्या उडतात, वेळ लागतो. चोराला नेमकं हेच नको असतं.

आता बांधायचं कसं. पुष्कळ जण पुढचं चाक खांबाला अडकवून निघून जातात. क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय हाताने चाक सोडवायचा, खटका असेल तर चोर तो फिरवतो, चाक तिथेच सोडतो आणि बाकी सायकल उचलून नेतो. लॉक मागच्या चाकाला लावा. सीटपासून पायडलकडे उतरणारी फ्रेमची दांडी, मागच्या चाकाची रिम आणि खांब, ही तिन्ही एकाच यू लॉकमध्ये यायला हवीत. खांब जाड असला तर दांडी मावत नाही. अशा वेळी ही दांडी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्या मिळून फ्रेमचा जो मागचा त्रिकोण होतो, त्याच्या आत जेवढी रिम येते, तिथूनच लॉक घाला. चाक खोललं तरी रिम त्या त्रिकोणातून बाहेर निघत नाही, त्यामुळे फ्रेमही अडकून राहते. लॉक जमिनीपासून वर ठेवा. फरशीला टेकलेलं लॉक हातोड्याने फोडायला सोपं जातं. जुनं केबल लॉक फेकू नका, ते पुढच्या चाकातून ओवून यू लॉकमध्ये अडकवा.

एवढं करूनही खांबच कच्चा असेल तर सगळं फुकट. माझी सायकल ज्या पाइपला होती तो प्लॅस्टिकचा होता. लॉक कापलं नसतं तर पाइप कापला असता. त्यामुळे बांधण्याआधी खांब दोन्ही हातांनी धरून हलवून बघते. फुटपाथच्या रेलिंगचे नट ढिले असतात, काही पाट्यांचे खांब मातीतून सरळ वर येतात. खांब बुटका असेल तर सायकल लॉकसकट वरून काढून नेता येते. मांडवाचा बांबू नको, कोवळं झाड नको. आणि बिल्डिंगमधल्या पिवळ्या गॅसच्या पाइपला तर कधीच नाही, सायकल ओढताना त्याला धक्का बसला तर काय होईल? आम्ही शेवटी सेक्रेटरींच्या मागे लागून पार्किंगच्या जमिनीत काँक्रीट करून लोखंडी कड्या बसवून घेतल्या. तुमच्याकडेही हे करून घ्या, कारण घरच्या जागेत आपण सगळ्यात बेफिकीर असतो. वॉचमन आहे, गेट आहे, असं वाटत राहतं.

स्टेशनजवळ जिन्याच्या तोंडाशी किंवा माणसांच्या वाटेत सायकल लावू नका. टपरीसमोर, उजेडात लावा.

पावसाळ्यात किल्लीचं भोक खाली करून लॉक लावा. नाहीतर पाणी साचून आतून गंज धरतो आणि नेमकं घाईच्या वेळी किल्ली फिरत नाही. महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पुरतं.

तक्रार द्यायला गेले तेव्हा माझ्याकडे बिल नव्हतं, फ्रेम नंबर माहीत नव्हता. ‘निळी, गिअरची’ यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. अशा निळ्या सायकली ठाण्यात किती असतील! बिल आणखी एका कारणाने लागतं. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं, आणि चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. सायकल त्याहून महाग होती हे दाखवायला कागद हवा. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरच्या कुणाला तरी पाठवूनही ठेवा. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना खालच्या बाजूला, दोन पायडलच्या मधे कोरलेला असतो. सायकल उलटी करा आणि आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, चिखलाखाली तो दिसत नाही.