पुढच्या ३ दिवसांची थंडी पुण्यात बसून कशी ओळखावी

उद्या स्वेटर घालायचा की नाही, एवढंच ठरवायचं असेल तर ॲपवरचा आकडा पुरतो. पण बाग राखायची असेल, दिल्लीचं पहाटेचं विमान असेल किंवा उत्तरेला जाणाऱ्या झेलम एक्सप्रेसचं तिकीट काढलेलं असेल, तर नकाशा काश्मीरपासून खाली वाचत या. आपली थंडी उत्तरेकडून येते आणि तिकडचा पारा घसरल्यावर पुण्यात परिणाम दिसायला बहुधा दोन-तीन दिवस जातात.

हवामान खात्याचं दुपारचं अखिल भारतीय बुलेटिन उघडा. त्यात सकाळी साडेआठच्या नोंदी आलेल्या असतात. आधी पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पाऊस-बर्फ आणणारी प्रणाली, कुठे आहे ते शोधा. तो काश्मीर-हिमाचलावर असेपर्यंत उत्तरेत ढग राहतात आणि रात्री तितक्या गारठत नाहीत. तो पूर्वेला सरकला की आकाश मोकळं होतं, उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि राजस्थान-पंजाबात किमान तापमान उतरू लागतं. फसगत होते ती पाठोपाठ दुसरा झंझावात आला की. वारे पुन्हा फिरतात आणि पुण्याकडे निघालेली थंडी वाटेतच विरते. म्हणून पहिला दिसल्यावर थांबू नका, अफगाणिस्तान-इराणवर पुढचा आहे का तेही उपग्रहचित्रात बघा.

मग विंडी (Windy) या वाऱ्यांचे नकाशे दाखवणाऱ्या ॲपवर ८५० हेक्टोपास्कलची पातळी लावा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा वारा. गुजरात-खानदेशावर तो उत्तर किंवा वायव्येचा असेल तर थंडी येतेय. पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असेल तर बंगालच्या उपसागरातली वाफ येतेय. उत्तरेत कितीही गारठा असो, पुण्यात ढग येणार आणि किमान तापमान चढणार. नोव्हेंबर २०२४ अखेरीस फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं, त्यानंतर पुण्यातली थंडी अशीच पळाली होती.

तिसरी गोष्ट संध्याकाळचा दवबिंदू. बहुतेक लोक तो बघतच नाहीत, आणि रात्रीचा अंदाज तिथेच चुकतो. हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की दव पडू लागतं, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि पुढची घसरण मंदावते. सात वाजता दवबिंदू १५ असेल तर पहाटे ९ होईल ही आशा सोडा. तो ७ असेल, आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर ९ सहज शक्य आहे.

बातम्यांतली 'थंडीची लाट' मात्र निकषावर घासून बघा. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली हवं आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी हवं, ६.४ पेक्षा जास्त घट असेल तर तीव्र लाट. पुण्याची जानेवारीची सरासरी ११ धरली, तर ६.५ पर्यंत उतरल्याशिवाय लाट नाही. ८.५ ला कितीही हुडहुडी भरली तरी ती नुसती थंडी. शिवाय सरासरी काहीही असो, ४ किंवा त्याखाली गेलं की लाटच. दिल्लीत बऱ्याचदा हाच निकष आधी लागू होतो. किनारपट्टीला मर्यादा १५ ची आहे, म्हणून मुंबईची लाट आपल्याला हास्यास्पद वाटते.

उत्तरेचा प्रवास असेल तर तापमान बाजूला ठेवा, दृश्यमानता बघा. २०० मीटरच्या आत दाट धुकं, ५० च्या आत अतिदाट. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पहाटे ते नऊ-दहापर्यंत ते सर्वांत त्रास देतं. तारीख बदलता येत नसेल तर निदान दुपारचं विमान घ्या. रेल्वेचं गणित आणखी वेगळं, कारण पुण्याहून सुटणारी गाडी अनेकदा तिकडून आलेल्या डब्यांचीच असते. पुण्यात लख्ख ऊन असूनही गाडी उशिरा सुटते ती यामुळे. सुटण्याच्या दिवशी येणारी गाडी कुठे आहे ते आधी बघा.

शेवटी पुण्याचा आकडा, पण कुठल्या पुण्याचा? शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव आणि मगरपट्टा यांच्यात एकाच पहाटे काही अंशांचा फरक पडतो. निवांत रात्री जड थंड हवा सखल भागात साचते, दाट इमारतींचा भाग उबदार राहतो. ॲप काही किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी देतं, त्याला नदीकाठची तुमची सोसायटी दिसत नाही. आपल्याला जवळचं केंद्र एकदा ठरवा आणि रोज त्याचाच आकडा धरा. आज लोहगाव, उद्या पाषाण असं केलं तर थंडी वाढली की केंद्र बदललं हेच कळणार नाही.