अक्षरं दोरीला टांगायची: देवनागरी लिहिताना अडणाऱ्या मुलासोबत ऑक्युपेशनल थेरपीचं (ओटी) काम

मूल सहा ते आठ वर्षांचं, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चुळबुळ थांबत नाही), ऑटिझम किंवा डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ घालणं जड जातं) असलेलं. शाळेचा निरोप ठरलेला: 'अक्षर खराब, लिहायलाच बसत नाही.' नवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमवायला मदत करणारा, इंग्रजीसाठी बनवलेल्या वर्कशीट छापतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तर एकाच दिवशी दोन्ही करायचं असतं. म्हणून वहीतली वरची रेघ रंगीत स्केचपेनने ठळक करा आणि मुलाला सांगा, 'दोरीवर कपडे वाळत घालतो ना, तशी अक्षरं टांग.'

आधी चार नमुने घ्या

फळ्यावरून उतरवणं, पुस्तकातून उतरवणं, श्रुतलेखन आणि मनाने लिहिणं, प्रत्येकी पाच मिनिटं. चारही एकाच दिवशी नको, थकवा मोजला जाईल. मिनिटाला किती अक्षरं झाली ते लिहून ठेवा आणि तुलना त्याच वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या वेगाशी करा. परदेशी तक्ते रोमन लिपीचे असतात, इथे त्यांचा उपयोग नाही.

पुस्तकातून जमतं पण फळ्यावरून चुकतं, तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. उतरवणं ठीक आणि श्रुतलेखन कोसळतं, तर अडचण हातात नाही. विशेष शिक्षकांना सोबत घ्या. चारही ठिकाणी सारखंच असेल तर बसणं, हात आणि मोटर प्लॅनिंग (हालचाल मनात ठरवून क्रमाने करणं) बघायचं. कोऱ्या कागदावर फुली काढायला लावा. ज्या मुलाला तिरकी रेघ जमत नाही, त्याच्याकडून 'र' आणि 'स' मागण्यात अर्थ नाही. आधी फुली, मग अक्षर.

बसणं आणि दाब

पाय लोंबकळत असले की मूल खुर्चीत घसरतं आणि डावा हात कागद धरायचा सोडून डोक्याला टेकू देतो. पायाखाली स्वयंपाकघरातला पाट ठेवा, पुरतो. टेबल वाकवलेल्या कोपराच्या साधारण ५ सेंटीमीटर वर असावं. जमिनीवर बसणाऱ्या वर्गात मांडीवर वही नको, समोर उतरतं लाकडी डेस्क हवं.

दाब बघायला तीन कागदांमध्ये दोन कार्बन घाला. तिसऱ्या कागदावर ठळक उमटलं तर मूल फार दाबतंय. दुसऱ्यावरही उमटलं नाही तर फार हलकं. हलक्या हाताला टूबी (2B, मऊ आणि गडद) पेन्सिल द्या. जड हाताच्या मुलाला कागदाखाली दुमडलेला टॉवेल द्या. दाबलं की कागद फाटतो आणि हात स्वतःच शिकतो, सारखं 'हळू, हळू' म्हणावं लागत नाही. आठ वर्षांच्या मुलाची पकड वेगळी असली तरी हात दुखत नसेल आणि वेग ठीक असेल, तर ती बदलण्याच्या नादी लागू नका.

अक्षरांचा क्रम

वळणाप्रमाणे गट करा: व-ब-क, ग-न-त, प-ष-फ, ट-ठ-ढ. बालवाडीतला 'ग म भ न' हा क्रम बहुतेक मुलांना चालतो, या मुलांना नाही. त्यात म आणि भ शेजारी येतात. दोघांमध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवा; घ आणि ध यांचंही तेच. यातली मेख शिरोरेघेत आहे. मूल शब्द झाल्यावर एका दमात सलग रेघ ओढतं आणि 'धन'चं 'घन' होतं, 'भात'चं 'मात'. त्यामुळे पहिला महिना शिरोरेघ काढायलाच लावू नका, रंगीत रेघ ते काम करते. नंतर शिकवताना सांगा: 'ध आणि भ यांच्यावर खिडकी उघडी.'

वेलांट्यांमध्ये दुसरी वेलांटी आधी शिकवा. तिथे हात आणि उच्चार एकाच दिशेने जातात. पहिली वेलांटी बोलायला नंतर आणि दिसायला आधी, क्रम सांभाळणं जड जाणारी मुलं इथेच अडतात. बोटभर जागा सोडून व्यंजन काढायचं, मग मागे येऊन वेलांटी.

ठिपक्यांवरून गिरवणं टाळा. मूल ठिपके जोडतं, अक्षर काढत नाही, आणि सुरुवात भलत्याच टोकाकडून होते. त्याऐवजी जमिनीवर खडूने हातभर मोठं अक्षर काढा आणि ओल्या स्पंजने ते योग्य दिशेने पुसायला लावा. मग पाटी, मग रुंद रेघांची वही. पाटीवर पेन्सिल घासत जाते, तो विरोध हाताला कळतो. मात्र तो आवाज काही ऑटिस्टिक मुलांना सोसत नाही. कानावर हात गेला की पाटी बाजूला. पाटीवरची पेन्सिल खाणारी मुलंही असतात, तुकडे मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

४५ मिनिटांचं सेशन

सुरुवातीला आठ-दहा मिनिटं जोराचं काम: भिंतीला दहा वेळा ढकलणं, वह्यांचा गठ्ठा उचलून नेणं, कणीक मळणं. लिहिण्याच्या आधी झोका गरगर फिरवू नका, काही मुलं त्याने आणखी उसळतात. मग पंधरा मिनिटं प्रत्यक्ष लेखन, चार-चार मिनिटांचे तुकडे पाडून. उरलेला वेळ मुलाने निवडलेल्या खेळाचा. नुसती पुट्टी (हाताने दाबायचा मऊ गोळा) आणि मणी ओवणं यांनी अक्षर सुधारत नाही, लिहिण्याचा सराव लागतोच. पाय हलत असतील तर हलू द्या.

हात धरून गिरवून घेऊ नका. मूल हात सैल सोडतं आणि हालचाल तुमची होते. मदत हवीच असेल तर विचारून मनगटाला हलका स्पर्श, मग फक्त कोपराला, मग काहीच नाही.

घरी आठवड्यात चार दिवस, दहा मिनिटं. पाच अक्षरं तीन-तीनदा, आणि त्यातलं सर्वांत बरं कोणतं ते मुलानेच गोल करायचं. 'पानभर लिही' ही शिक्षा शाळेतही बंद व्हायला हवी, ते शिक्षकांशी तुम्हीच बोला.

दहा-बारा आठवड्यांनी तेच चार नमुने पुन्हा घ्या. वाचता येईल इतकं अक्षर आणि वर्गाच्या जवळ जाणारा वेग, एवढंच उद्दिष्ट. फरक पडला नसेल तर आणखी पानं भरून घेऊ नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत; प्रमाणपत्र, वाढीव वेळ आणि लेखनिक यांची कागदपत्रं दहावीची वाट न बघता सुरू करा, आणि सोबत टायपिंगही. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (थेट देवनागरी कळांचा) निवडा. रोमनमधून टाइप करायचं तर इंग्रजी स्पेलिंगचं ओझं वाढतं. इन्स्क्रिप्टमध्ये आधी क, मग पहिली वेलांटी, म्हणजे जसं बोलतो तसंच.