सिगारेट सुटल्यावर हिरड्यांतून रक्त आलं, तर

कराडला दातांच्या दवाखान्यात मी डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. सिगारेट-विडी सोडलेले लोक काही आठवड्यांनी येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतात, “ताई, ओढत होतो तेव्हा थेंबभर रक्त नव्हतं, आता ब्रश लाल होतो. परत सुरू करू का?” आमच्या दादानेही मला हेच विचारलं होतं.

अजिबात नको. निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. त्यामुळे हिरडीचा आजार असला तरी रक्त फारसं येत नाही, आतल्या आत हाड मात्र झिजत राहतं. धूर बंद झाला की रक्तपुरवठा सुधारतो आणि दबलेली सूज दिसायला लागते. दुखणं जुनंच आहे, कळलं आत्ता.

रक्त येतं म्हणून तिथे ब्रश फिरवायचं टाळू नका, घाण नेमकी तिथेच साचलेली असते. मऊ ब्रश घ्या, दात आणि हिरडी जुळते तिथे तिरका टेकवा आणि जागच्या जागी हलकेच हलवा. आडवं खसाखसा घासायचं नाही. मिश्री तर नकोच, ती तंबाखूच आहे.

मग दवाखान्यात जाऊन कीटण काढून घ्या. दादाच्या खालच्या पुढच्या दातांमागे काळपट कीटणाची सलग भिंत होती. तिथे लाळेची ग्रंथी उघडते, म्हणून कीटण तिथे लवकर धरतं. ते निघाल्यावर दातांत फटी दिसल्या, गार पाणी लागलं की सणक जायची. “मशीनने दात ढिले केले,” असं त्याचं म्हणणं! मशीनने दात ढिले होत नाहीत. हिरडी आधीच खाली सरकलेली असते, कीटणाने ती जागा झाकलेली असते, एवढंच.

सणकेसाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट रोज दोनदा वापरा. घासून झालं की थुंका, खळखळून चूळ भरू नका. झोपताना दुखऱ्या दातावर बोटाने थोडी लावून ठेवा. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत पेस्ट बदलू नका. लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक प्यायलात तर अर्धा तास ब्रश करू नका.

तलफ आली की सुपारी नको, बडीशेप चालेल. निकोटीनचं च्युइंगम घेत असाल तर थोडं चावून गालात धरा, दर वेळी बाजू बदला. हिरडीवर लवंगेचं तेल चोळू नका, कातडी भाजते.

पू येत असेल, दात हलत असेल किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा, फोड दोन आठवड्यांत गेला नसेल, तर थांबू नका, लगेच दाखवा. मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि तलफ आवरेनाशी झाली तर 1800-11-2356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे फोन लावा.