मुलांचा ऑनलाइन छळ होतोय? घाबरून या चुका करू नका

नववीतली मुलगी मधल्या सुट्टीत डबा खात असताना कुणीतरी तिचा फोटो काढतं. तोंडात घास, डोळे अर्धवट मिटलेले. त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर होतं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या तुकड्यांच्या ग्रुपवर फिरतं. रात्री आईने खोदून खोदून विचारल्यावर ती रडत सांगते, आणि बाबा म्हणतात, "आण तो फोन इकडे. आजपासून बंद."

फोन काढून घेणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. छळ केला दुसऱ्यांनी आणि शिक्षा झाली सांगणाऱ्याला. ज्या दोन-तीन मैत्रिणी तिला मेसेज करून धीर देत होत्या, त्याही तुटल्या. पुढच्या वेळी प्रकरण कितीही गंभीर असलं तरी ती घरी तोंड उघडणार नाही. कित्येक मुलं महिनोन् महिने गप्प राहतात ती याच भीतीने. म्हणून आधी एवढंच म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस. फोन तुझ्याकडेच राहील. काय करायचं ते आपण मिळून ठरवू." रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवायचा असेल, तर घरातल्या सगळ्यांचेच ठेवा.

"लक्ष देऊ नकोस, आम्हालाही चिडवायचे"

आपल्या वेळची चिडवाचिडवी शाळा सुटली की संपायची. ही रात्री एक वाजताही उशाशी वाजते, आणि बघणारे किती आहेत हे मुलाला कळतच नाही. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत राज्यात पहिली आलेल्या मुलीला चेहऱ्यावरच्या केसांवरून अनोळखी लोकांनी हिणवलं. थोडे मार्क कमी पडले असते तर बरं झालं असतं, असं तिने नंतर बोलून दाखवलं. एवढं यश मिळवलेल्या मुलीला असं वाटावं, तर आपल्या घरातल्या मुलाला "मनावर घेऊ नकोस" म्हणून काय होणार?

शाळेच्या दिवशी सकाळीच पोट दुखणं, फोन वाजला की दचकणं, झोप उडणं, आवडीचा क्लास अचानक सोडणं, स्वतःचे सगळे फोटो काढून टाकणं, ही लक्षणं नखरे म्हणून सोडून देऊ नका. जगण्यात अर्थ नाही असं मूल चेष्टेत जरी बोललं, तरी त्याला एकटं ठेवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहेच.

रागाच्या भरात सगळं डिलीट करणे

ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या. नुसत्या मेसेजचा स्क्रीनशॉट पुरत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर किंवा युजरनेम, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. इन्स्टाग्रामवर नाव बदलायला वेळ लागत नाही, म्हणून प्रोफाइलची आणि पोस्टची लिंकही जपून ठेवा. स्नॅपचॅट स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळवतं, तर व्हॉट्सॲपवरचा एकदाच उघडणारा फोटो स्क्रीनशॉट घेऊच देत नाही. तिथे दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा. ब्लॉक केल्यावर समोरचा आणखी चिडेल अशी भीती असेल, तर इन्स्टाग्रामचं 'रिस्ट्रिक्ट' वापरा. त्याच्या कमेंट इतरांना दिसत नाहीत आणि आपण असं केलंय हे त्याला कळवलं जात नाही.

नग्न फोटो "पुरावा म्हणून" पुढे पाठवणे

इथे मात्र वरचा नियम लावू नका. फोटो खरा असो वा एआयने बनवलेला, अठराच्या आतल्या मुलाचा असा फोटो मामाला, वर्गशिक्षिकेला, कुणालाही फॉरवर्ड करू नका. आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली असं पाठवणं हाच गुन्हा आहे. त्याच्या प्रतीही काढू नका. तो फोन तसाच घेऊन पोलिसांकडे जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. मुलांच्या अशा प्रकरणांत तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही. त्याची फक्त डिजिटल खूण बनते आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्या तो शोधून काढतात. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांपर्यंत मात्र ती पोहोचत नाही. कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. दिले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

बदनामीच्या भीतीने लोक पोलिसांकडे जात नाहीत. पण मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्यानुसार माध्यमांना मुलाची ओळख उघड करता येत नाही. जबाब घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि तोही गणवेशात नसताना.

पालकांच्या ग्रुपवर नाव घेऊन धुणे

मे २०२० मध्ये दिल्लीत शाळकरी मुलांच्या एका इन्स्टाग्राम ग्रुपचं प्रकरण गाजलं, तेव्हा बलात्काराची भाषा असलेल्या एका स्नॅपचॅट संभाषणाचे स्क्रीनशॉटही फिरले. ते त्या ग्रुपमधलं नव्हतंच. एका मुलीने मुलाच्या नावाने खोटं अकाउंट काढून ते केलं होतं, असं पोलीस तपासात निघालं. फेक आयडीमागे कोण आहे हे अंदाजाने ठरवू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

"आमचा तसा नाही"

स्टिकर बनवणारं मूल आपलंही असू शकतं. तक्रार आली तर आधी त्याचा फोन त्याच्यासोबत बसून बघा. मारू नका, झाकूही नका. स्टिकर, मीम जे असेल ते त्याच्या हातून काढायला लावा. ज्या ग्रुपवर टाकलं होतं त्याच ग्रुपवर "मी चुकीचं केलं, तुम्हीही डिलीट करा" असं त्याने स्वतः लिहायला हवं.